पोस्टबॅक की एसएमपी? जीपीए ३.२ आणि अमेरिकेतलं मेडिकल

कोरांटी | शुक्रवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, पाककृती आणि बागकाम सोडून कुठे प्रतिसादही दिला नाही. आज मात्र धागा काढावा लागतोय.

आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत. मुलगी २३ वर्षांची. मागच्या मे महिन्यात बायॉलॉजीची डिग्री झाली, स्टेट युनिव्हर्सिटीतूनच. जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) ३.२, एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५०८. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्रीत सी, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिकमध्ये सी प्लस. त्याच सत्रात सासरे इथे आमच्याकडे असताना आजारी पडले आणि घराचं हॉस्पिटल झालं होतं. शेवटच्या वर्षी तिने चांगलंच सावरलं, बहुतेक ए. गेल्या वर्षी वीस कॉलेजांना अर्ज केले. एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं नाही. सेकंडरीच्या (दुसऱ्या टप्प्यातल्या अर्जांच्या) फिया धरून तीन-साडेतीन हजार डॉलर गेले ते वेगळेच.

आता तिच्या हाती एका एसएमपीची (स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम) जाहिरात पडली आहे. एक वर्षाचं मास्टर्स, मेडिकलच्या मुलांबरोबर वर्ग, "आमचे ९० टक्के विद्यार्थी मेडिकल स्कूलमध्ये". फी ५८ हजार, राहणं-खाणं वेगळं. नवरा म्हणतो भरून टाकू, पोरीचं वर्ष वाया नको. मला धाकधूक होते. कुणी म्हणतं एसएमपी नको, पोस्टबॅक करा, म्हणजे पदवीनंतर पुन्हा पदवीच्या पातळीचेच विषय. कुणी म्हणतं पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करा. सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, "चार वर्षं शिकली, परीक्षा दिली, मग डॉक्टर का होऊ देत नाहीत तिला?" याचं उत्तर मलाही देता येत नाही.

हे पोस्टबॅक आणि एसएमपी प्रकरण कुणी आतून बघितलं आहे का? मुलीला ठाऊक आहे मी इथे विचारतेय. "आई, नाव नको टाकू" एवढंच म्हणाली.

---

तिरकस | शुक्रवार, रात्री ११:३४

९० टक्के कशाचे हे आधी विचारा. प्रवेश घेतलेल्यांचे? कोर्स पुरा केलेल्यांचे? की आम्ही ज्यांना अर्ज करायला "हरकत नाही" म्हटलं त्यांचे? तीन वेगवेगळे छेद, तीन वेगवेगळे आकडे. आणि त्यात फक्त एमडी (अमेरिकेतली नेहमीची डॉक्टरकीची पदवी) आहे, की डीओ (डॉक्टरकीचीच दुसरी पदवी), कॅरिबियन, डेंटल सगळं एकाच टोपलीत?

५८ हजारात सांगलीला प्लॉट येतो. (हलकेच घ्या.)

---

मध्यपाळी | शनिवार, पहाटे ४:५०

कोरांटीताई, मी इथे इंटर्नल मेडिसिन करते आणि पोस्टबॅकच्या वाटेनेच आले, म्हणून लिहिते. नाईट ड्यूटीवर आहे, तुटक झालं तर समजून घ्या.

पोस्टबॅक हा एक प्रकार नाही, दोन पूर्ण वेगळ्या माणसांसाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नाव एकच पडल्यामुळे घोळ होतो. पहिली माणसं माझ्यासारखी, ज्यांनी बायॉलॉजी-केमिस्ट्री कॉलेजात केलीच नाही. कुणी इतिहास शिकलेलं, कुणी व्हायोलिन वाजवणारं, मी सॉफ्टवेअर टेस्टर. यांना करिअर चेंजर म्हणतात. यांच्यासाठीचे जुने, नावाजलेले कार्यक्रम म्हणजे कोलंबियाचा (१९५५ पासून चालू आहे), फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉरचा, बाल्टिमोरजवळच्या गाउचरचा. तिथे वर्षा-दीड वर्षात जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायॉलॉजी असं सगळं लॅबसकट करून घेतात. वर्ग लहान, गाउचरला तर जेमतेम तीसेक मुलं. काहींचं ठराविक मेडिकल स्कूलशी लिंकेज असतं, म्हणजे अट पुरी केली तर अर्ज आणि प्रवेश यांच्या मधलं रिकामं वर्ष, "ग्लाइड इयर", वाचतं. आता महत्त्वाचं: तुमच्या मुलीला हे कार्यक्रम घेणारच नाहीत. तिने ते सगळे विषय आधीच केलेत. त्यांचे ९० टक्क्यांच्या पुढचे आकडे वाचून हुरळू नका. ती मुलं आधीच चांगल्या जीपीएची, निवडून घेतलेली असतात.

दुसरी माणसं तुमच्या मुलीसारखी: विषय केले, पण मार्क पडले. यांना रेकॉर्ड एन्हान्सर म्हणतात. यांच्यासाठी पोस्टबॅक म्हणजे वरच्या पातळीचे बायॉलॉजीचे विषय घेऊन ए मिळवून दाखवणं. आणि एसएमपी हे तिसरंच, ते पदव्युत्तर आहे.

माझं सांगायचं तर पुण्याची बी.ई. ॲमकॅसने (एमडी कॉलेजांचा सामाईक अर्ज) जीपीएत धरलीच नाही, परदेशी गुण ते मोजत नाहीत. इथलं एम.एस. होतं, ते ग्रॅज्युएटच्या (इथे म्हणजे पदव्युत्तर) रकान्यात गेलं. म्हणजे अंडरग्रॅडचा माझा सगळा जीपीए पोस्टबॅकच्या त्या दोन वर्षांवर उभा होता. ऑफिस सुटलं की स्टेट युनिव्हर्सिटीत संध्याकाळची केमिस्ट्री लॅब, एकोणीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी गॉगल लावून. एकाने विचारलं, "आर यू द टीए?" (म्हणजे शिकवणाऱ्यांची मदतनीस). दोन-चार मेडिकल स्कूलनी परदेशी पदवी बघून अर्ज उघडलासुद्धा नाही. २९व्या वर्षी प्रवेश मिळाला.

पेजर वाजतोय. उरलेलं नंतर.

---

खडूफळा | शनिवार, सकाळी ९:१५

मी मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो आणि आमच्या प्रीमेड (मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या) कमिटीवर बरीच वर्षं आहे. मध्यपाळींनी वर्गवारी नेमकी सांगितली. मी हिशोब सांगतो, कारण पालक नेमके इथेच फसतात.

ॲमकॅस विद्यापीठाचा जीपीए घेत नाही, स्वतःचा काढतं. अर्जावर एक तक्ता येतो: पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, मग पोस्टबॅक, मग या सगळ्यांचा एकत्रित अंडरग्रॅड जीपीए. त्याच्या खाली वेगळी ओळ: ग्रॅज्युएट. आणि प्रत्येक ओळीत पुन्हा दोन भाग. एक बीसीपीएम, म्हणजे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित. दुसरा बाकी सगळं.

आता नीट बघा. पोस्टबॅकमध्ये घेतलेले अंडरग्रॅडचे विषय एकत्रित जीपीएत मिसळतात. एसएमपीचे मिसळत नाहीत, ते खालच्या ग्रॅज्युएट ओळीत राहतात. म्हणजे एसएमपीत ४.० काढलं तरी वरचा ३.२ तसाच ३.२. पब्लिक हेल्थच्या मास्टर्सचंही तेच. शिवाय त्यातले ए कुणी फारसे जमेस धरत नाही, कारण ते विषय मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखे नसतात. तो कोर्स वाईट नाही, पण या दुखण्यावरचा नाही.

पोस्टबॅकने तरी किती वर जातं? समजा १२० क्रेडिट, ३.२. म्हणजे ३८४ गुण. वर्षभरात ३० क्रेडिट घेतले आणि सगळीकडे ए मिळवला तर १२० गुण वाढले. ५०४ भागिले १५०. ३.३६. वर्षभर घाम गाळून, एकही बी न घेता, शंभरातले सोळा. पालक हा आकडा ऐकतात तेव्हा खुर्चीत मागे रेलतात.

पण म्हणून ते फुकट जात नाही. बीसीपीएमचा पाया लहान असतो, तो जास्त हलतो. ६० क्रेडिट ३.० असतील तर ३० क्रेडिटचे ए मिळून ३.३३. आणि मेडिकल कॉलेजच्या प्रवेश कमिटीतला माणूस तक्ता वरून खाली वाचतो: २.८, २.९, ३.४, ३.७, ४.०. ही चढण त्याला दिसते. बेरीज कमी बोलते, चढण जास्त.

अजून एक: जुना सी पुसला जात नाही. विषय पुन्हा घेतला तर ॲमकॅस दोन्ही ग्रेड मोजतं. डीओ कॉलेजांचा अर्ज २०१७पर्यंत नवा ग्रेड जुन्याच्या जागी धरायचा, आता तेही बंद. जुने लेख वाचून कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

कोरांटीताई, तीन गोष्टी सांगाल? बीसीपीएम किती? हॉस्पिटलात प्रत्यक्ष किती तास काम? आणि अर्ज कोणत्या महिन्यात गेला?

---

लातूरचा_ठोंब्या | शनिवार, सकाळी ९:४० (भारतातली रात्र)

वाचून गंमत वाटली आणि आमच्याकडची रिपीटर बॅच आठवली. मॅडम, मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्याकडं हाच धंदा दुसऱ्या नावानं चालतो. लेकरू बारावीत नीटला ४२० घेऊन येतं, बाप म्हणतो एक वर्ष द्या सर. होस्टेल, मेस, रोज टेस्ट. पुढच्या वर्षी ५८० झाले की क्लासच्या फ्लेक्सवर फोटो. ४३० झाले तर फोटो नाही. ते नव्वद टक्के असंच असतंय.

फरक एक दिसला. आमच्या नीटमध्ये जुनं काही चिकटत नाही. मागच्या वर्षी किती पडले कुणी विचारत नाही, ७२० पैकी या वर्षी किती तेवढंच. वयाची वरची अटही नाही, कितीदाही द्या. तुमच्याकडं अठराव्या वर्षीचा सी पंचविसाव्या वर्षी पण मागं येतो म्हणजे अवघडच. पण उलटं बघितलं तर आमच्याकडं तीन तासांत सगळं ठरतं, त्या दिवशी ताप आला की वर्ष गेलं.

मला एक कळंना. तिकडं डिग्री झाल्यावरच मेडिकल, असं का? इकडं तर बारावीनंतर साडेपाच वर्षांत, इंटर्नशिप धरून, डॉक्टर होऊन मोकळं.

---

खडूफळा | शनिवार, सकाळी १०:२०

@लातूरचा_ठोंब्या, सर, चांगला प्रश्न. एकोणिसाव्या शतकात इथेही तसं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाल्या. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची दोन सत्रं आणा, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १८९३ला जॉन्स हॉपकिन्सने मेडिकल स्कूल काढलं आणि आधी पदवी हवी अशी अट घातली. मग १९१०मध्ये फ्लेक्सनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाचा अहवाल आला. त्याने देशभरातली मेडिकल कॉलेजं फिरून पाहिली आणि बऱ्याचशांचं वाभाडं काढलं: प्रयोगशाळा नाही, फी भरली की प्रवेश. पुष्कळ कॉलेजं बंद पडली. जी उरली त्यांनी आधी कॉलेज, मग मेडिकल ही रीत धरली. त्याच अहवालाने कृष्णवर्णीयांची सातपैकी पाच कॉलेजं बंद पडायला हातभार लावला, हेही सांगायला हवं.

पोस्टबॅक हे या रीतीचंच अपत्य. दार पदवीनंतर उघडतं, मग पदवीत जे राहून गेलं ते भरायला पडवी बांधली.

---

कोरांटी | शनिवार, दुपारी १:०५

सगळ्यांचे आभार. मुलीला शेजारी बसवून आकडे काढले.

बीसीपीएम ३.०४.

हॉस्पिटलात तास: डॉक्टरांच्या मागे उभं राहणं (शॅडोइंग) ४०, तेही आमच्या ओळखीच्या गुजराती डॉक्टरांच्या क्लिनिकात. व्हॉलंटिअरिंग ६०. लॅब रिसर्च मात्र दोन वर्षं.

अर्ज सप्टेंबरमध्ये गेला. एमकॅट ऑगस्टमध्ये दिली, निकाल येईपर्यंत थांबलो. मला वाटत होतं मुदत नोव्हेंबरपर्यंत आहे म्हणजे आपण वेळेत आहोत.

वीसपैकी नऊ दुसऱ्या राज्यांतली सरकारी कॉलेजं होती. "नाव चांगलं आहे" म्हणून मीच सुचवली. डीओला एकही नाही. नवरा म्हणाला होता, डीओ म्हणजे दुय्यम.

लिहिताना लाज वाटतेय.

---

मध्यपाळी | शनिवार, दुपारी २:३०

ताई, लाज कसली. पण आता बघा, तुम्ही काल जीपीएच्या औषधाला ५८ हजार द्यायला निघाला होतात आणि रोग्याला चार रोग आहेत.

सप्टेंबर: इथे अर्ज मे महिन्याच्या शेवटी घ्यायला लागतात आणि आले तसे वाचतात. मुलाखतीच्या जागा ऑगस्टपासून भरायला लागतात. नोव्हेंबर ही कागदावरची मुदत. सप्टेंबरात ३.२ घेऊन गेलं म्हणजे पंगत उठताना पानावर बसणं.

बाहेरच्या राज्यांतली सरकारी कॉलेजं: ती आपल्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. टेक्सास तर कायद्यानेच नव्वद टक्के जागा स्वतःच्या रहिवाशांना देतं. न्यू जर्सीची कॉलेजं तुमची. ती राहिली बाजूला आणि नऊ फिया बाहेर गेल्या.

तास: माझ्या मते सगळ्यात मोठं भोक हेच. १०० तास म्हणजे काहीच नाही. मुलाखतीत विचारतात, आजारी माणसाशेजारी बसून तुला काय दिसलं? ४० तास कोपऱ्यात उभं राहून याचं उत्तर तयार होत नाही. ईएमटीचा (अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा) कोर्स करू दे, स्क्राइबची (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा) नोकरी घेऊ दे, नर्सिंग होममध्ये असिस्टंट होऊ दे. माझ्या दोन्ही पोस्टबॅक वर्षांत शनिवार-रविवार मी हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा) जायची. केमिस्ट्रीचं विसरले, तिथलं नाही.

आणि डीओ. माझ्या शेजारच्या खोलीत आत्ता जो अटेंडिंग (वरिष्ठ डॉक्टर) झोपलाय तो डीओ आहे. २०२०पासून रेसिडेन्सीची (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) मान्यता दोघांची एकच आहे, हॉस्पिटलात कोट तोच, सही तीच. तुमच्या यजमानांना सांगा, मागच्या वेळी त्यांना अर्जंट केअरमध्ये कुणी तपासलं त्याचं नावापुढचं अक्षर आठवतंय का?

---

भाकरीतुकडा | शनिवार, संध्याकाळी ६:४५

मी सहसा लिहीत नाही, पण एसएमपीबद्दल आमच्या घरचं सांगतो.

धाकट्याचा जीपीए ३.१ होता. एका एसएमपीला घातला, नाव सांगत नाही. अर्धे विषय मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर, त्याच परीक्षा, त्यांच्याच सरासरीवर ग्रेड. प्रवेशाच्या वेळी सांगितलं "आमच्याच मेडिकल स्कूलमध्ये मुलाखतीची हमी". हमी होती, पण अमुक एका ग्रेडच्या वर. ती अट माहितीपुस्तकात सतराव्या पानावर. पोराला फिजिऑलॉजीत बी आला, बाकी बरे. हमी गेली. आणि नुसती तिथली नाही. एसएमपीत जेमतेम ग्रेड आले की बाकीची कॉलेजं म्हणतात, मेडिकलचा अभ्यास देऊन पाहिला, झेपला नाही. पोस्टबॅकमध्ये घसरलात तर पुन्हा उठता येतं. एसएमपी हा शेवटचा डाव आहे, तो हरला की पत्ते संपतात.

याउलट त्याच्याच वर्गातल्या एका मुलीने सगळे ए घेतले आणि तिला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. तिचा जीपीए याच्याहून कमी होता. म्हणजे ती गोष्ट खोटी नाही. पण ती मुलगी एसएमपीला येण्यापूर्वी दोन वर्षं पोस्टबॅक करून अभ्यासाची सवय बसवून आली होती. आमच्याने ती पायरी गाळली.

धाकटा आता रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. खुश आहे. आम्हाला खुश व्हायला जरा वेळ लागला.

---

तिरकस | शनिवार, संध्याकाळी ७:०२

+१. पहिल्यांदाच तिरकस लिहिण्यासारखं काही सापडत नाहीये.

---

खडूफळा | शनिवार, रात्री ८:१०

@भाकरीतुकडा, लिहिलंत हे फार बरं झालं. एसएमपीची बाजू नि:पक्ष मांडायची तर: जॉर्जटाउनचा कार्यक्रम या प्रकारातला जुना, सत्तरच्या दशकातला. मेडिकलच्या मुलांबरोबर वर्गात बसवण्याची कल्पना तिथून रूढ झाली. बोस्टन युनिव्हर्सिटीचाही नावाजलेला आहे. ज्याचा अंडरग्रॅड जीपीए इतके क्रेडिट होऊन बसलाय की आणखी तीस-चाळीस क्रेडिटने हलणारच नाही, एमकॅट ५१२च्या वर आहे आणि मागची दोन-तीन सत्रं ए आहेत, त्याच्यासाठी ते खरोखर दार उघडतं. ५०८ वाल्याने आधी एमकॅटकडे बघावं. प्रवेश मिळालेल्यांची २०२४ची सरासरी ५११.८ आणि ३.७९ आहे. दरवर्षी ५२ हजारांच्या आसपास अर्ज, २३ हजारांच्या आसपास जागा.

पैशांचंही बदललंय. १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्याला ग्रॅड प्लस (पदव्युत्तर शिक्षणाचं एक सरकारी कर्ज) मिळणार नाही. मास्टर्ससाठी सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. ५८ हजारांच्या एसएमपीतले उरलेले तुमच्या खिशातले किंवा खासगी बँकेचे. पुढे मेडिकललासुद्धा वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख ही मर्यादा. म्हणजे आज एसएमपीवर घातलेला डॉलर उद्या मेडिकलला कमी पडणार आहे. हा हिशोब दोन वर्षांपूर्वी नव्हता, त्यामुळे जुने सल्ले जपून वाचा.

---

एच४_ची_आई | रविवार, सकाळी ८:२५

थोडं अवांतर, पण आपल्या लोकांपैकी पुष्कळांना लागू.

कोरांटी, तुमच्या मुलीकडे ग्रीन कार्ड असेल असं धरते. नसेल तर वरचं अर्धं विसरा. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना आला, शाळा-कॉलेज सगळं इथे. एकविसावं लागलं आणि एच-४ (नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) संपला. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर गेला, म्हणजे कागदोपत्री तो "आंतरराष्ट्रीय विद्यार्थी", ज्याला नाशिक धड आठवतही नाही. सरकारी कर्ज नाही. बहुतेक सरकारी मेडिकल कॉलेजं अर्जच घेत नाहीत. खासगीतली थोडी घेतात, पण काही जण एक-दोन किंवा चारही वर्षांची फी आधी एस्क्रोमध्ये (राखीव खात्यात) ठेवा म्हणतात. पोस्टबॅकला प्रवेश देताना कुणीही हे सांगत नाही, फी घेऊन टाकतात. ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत त्यांनी प्रीमेड म्हणण्याआधी हे विचारून घ्या.

---

कोकणकडा७७ | रविवार, सकाळी ९:००

एवढा खटाटोप करण्यापेक्षा भारतात पाठवा ना. एनआरआय कोटा आहे. ओळखीच्या दोन मुली गेल्या.

---

मध्यपाळी | रविवार, सकाळी ११:४०

@कोकणकडा७७, एनआरआयलाही नीट द्यावीच लागते. ती २३ची. आता नीटची तयारी, मग साडेपाच वर्षं, मग यूएसएमएलई (अमेरिकेतली डॉक्टरांची परवाना परीक्षा), मग परदेशी पदवीधर म्हणून रेसिडेन्सीच्या रांगेत. इथल्याच रस्त्याने दोन वर्षं जास्त लागली तरी ती लवकर पोचेल. बारावीनंतर लगेच जायचं असेल तर वेगळी गोष्ट.

---

यारा_नदी | रविवार, दुपारी १२:१५

मेलबर्नहून. इथे मेलबर्न युनिव्हर्सिटीचं मेडिकल २०११पासून पदवीनंतरचंच आहे, गॅमसॅट नावाची परीक्षा, वर्षातून दोनदा. भाचा दोनदा बसला, तिसऱ्यांदा लागला. पोस्टबॅकसारखं वेगळं प्रकरण इथे फारसं ऐकलं नाही. मुलं सरळ दुसरी डिग्री किंवा ऑनर्स करतात. बाहेरून आलेल्याला पूर्ण फी पडते, ती ऐकून अमेरिका बरी वाटेल. बाकी वाचतेय.

---

लातूरचा_ठोंब्या | रविवार, दुपारी १२:३०

मॅडम, एक विचारू का? लेकराला स्वतःला काय वाटतं? तीन दिवस झाले, सगळे बोलले, तेवढं एक माणूस बोललं नाही. क्लासला आई-बाप येतात, पोरगं बाकावर बसून मोबाइल बघतं. मी पहिला प्रश्न पोराला विचारतो.

---

कोरांटी | रविवार, रात्री ९:३०

ही कोरांटीची मुलगी आहे. आईचा आयडी वापरते. मला मराठी वाचता येते, टाइप हळू होते, चुका असतील तर सॉरी.

मी पूर्ण थ्रेड वाचला. दोन वेळा. लातूर सर, थँक्यू विचारल्याबद्दल.

मला डॉक्टर व्हायचे आहे. आजोबा आमच्या घरी होते तेव्हा रात्रीचे दोन ते सहा माझे होते. आई थकायची. मी त्यांची ऑक्सिजनची नळी बघायची आणि ऑरगॅनिकचे फ्लॅशकार्ड करायची आणि दोन्ही नीट नाही झाले. सी प्लस आला. मी कधी कोणाला अर्जात हे लिहिले नाही कारण ते एक्स्क्यूज वाटते. पण मध्यपाळी ताईने विचारले ना, आजारी माणसाशेजारी बसून काय दिसले. ते मला माहीत आहे. फक्त तास मोजले नाही कोणी.

एसएमपी मला नको आहे. बाबांना मी आज सांगितले. ते गप्प बसले, मग म्हणाले डीओची लिस्ट पाठव.

मी ईएमटी क्लास बघितला, काउंटीमध्ये आहे, संध्याकाळी. ह्या वर्षी अर्ज नाही करणार, पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात करणार. एमकॅट जानेवारीत परत.

खडूफळा काका, एक प्रश्न. माझ्या युनिव्हर्सिटीत डिग्री झाल्यावर नॉन-मॅट्रिक म्हणून (नवीन डिग्रीला प्रवेश न घेता) क्लास घेता येतात, एका क्रेडिटला जेवढे पैसे तेवढेच. मी ऑरगॅनिक २ परत घेऊ का? सी प्लस खूप वाईट दिसतो. की बायोकेमिस्ट्री घेऊ? ती मी केली नाही अजून. दोन्ही एकदम नाही जमणार, ईएमटी आहे.

---

खडूफळा | रविवार, रात्री १०:०५

बायोकेमिस्ट्री घे.

सी प्लस म्हणजे पास आहे. बहुतेक ठिकाणी सी किंवा वर एवढंच मागतात. परत घेतलास आणि ए आला तरी जुना सी प्लस तक्त्यात राहणार. त्यापेक्षा बायोकेमिस्ट्रीत ए आला तर वाचणारा समजतो की ऑरगॅनिक हिला कळलंय, कारण कळल्याशिवाय तो येत नाही. शिवाय एमकॅटमध्ये बायोकेमिस्ट्री भरपूर आहे आणि ५०८ ती न करता आलेत, हे तुझ्या आईने सांगितलंच नव्हतं. मग पुढच्या सत्रात फिजिऑलॉजी आणि सेल बायॉलॉजी.

पहिल्या दिवसापासून अमिनो ॲसिड पाठ कर. वीसच्या वीस, रचनेसकट, पीकेए सकट.

आजोबांबद्दल लिही अर्जात. दोन वाक्यं, जास्त नको. सबब म्हणून नको, झालं ते झालं म्हणून.

---

कोरांटी | रविवार, रात्री १०:२०

ओके काका. ॲड-ड्रॉप (क्लास घ्यायची-सोडायची मुदत) उद्या पाचला बंद होतो. सेक्शन दोनमध्ये एक जागा दिसते, लॅब शुक्रवारी. आत्ता करते.

अमिनो ॲसिड पंधरा येतात. आईला पाठ करून दाखवले, ती म्हणाली जेव आधी.